विशेष विवाह नोंदणी, सातारा जिल्हा: धर्म न विचारणारं सरकारी टेबल आणि बाहेरचा तीस दिवसांचा फळा

आढावा ज्या सेवेचा घेतो आहोत तिला लोक ‘रजिस्टर लग्न’ म्हणतात. कागदावर तिचं नाव विशेष विवाह अधिनियम, १९५४ खालचा विवाह. जिल्ह्याच्या ठिकाणी सह दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात विवाह अधिकारी असतात आणि लग्न तेच लावतात. भटजी, काजी, पाद्री, भंते यांच्यापैकी कोणाची गरज नाही. खरेदीखतं आणि गहाणखतं जिथे नोंदतात त्याच छपराखाली हे काम चालतं, त्यामुळे वातावरण मंगल वगैरे असेल ही अपेक्षा घरीच ठेवून जावी.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. टेबलासमोरचं लग्न उत्तम, कायद्याने बांधलेलं आणि स्वस्त आहे. त्याआधीचा महिना वाईट आहे. लग्नानंतर वारसाच्या वेळी धर्म मागच्या दाराने परत येतो, आणि ते सह्या करताना कोणी सांगत नाही.

चांगलं काय, ते पहिल्यांदा. कायद्याला जोडलेल्या दुसऱ्या अनुसूचीत नोटिशीचा नमुना आहे. त्यात नाव, वैवाहिक स्थिती, व्यवसाय, वय, राहण्याचं ठिकाण, ते कायमचं नसेल तर कायमचा पत्ता आणि वास्तव्याचा कालावधी एवढंच विचारलं आहे. धर्माचा रकाना नाही, जातीचाही नाही. लग्नाच्या दिवशी जे प्रतिज्ञापन लिहून द्यायचं, त्यातही नाही. हे वाटतं तितकं साधं नव्हतं. १८७२ च्या जुन्या कायद्याखाली असं लग्न करायचं तर आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, ज्यू, पारशी, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कोणीच नाही असं लिहून द्यावं लागायचं. सरकारसमोर लग्न करायचं तर आधी धर्म नाकारा, असा मामला. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांपुरती वाट मोकळी झाली. १९५४ च्या कायद्याने हा प्रश्नच काढून टाकला. तुम्ही श्रद्धाळू असा नाहीतर नास्तिक, अधिकाऱ्याला देणंघेणं नाही.

भटजीविना लग्न ही गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही. फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, आणि सत्यशोधक लग्नं १८७३ पासूनची. प्रतिसरकारच्या काळात सातारा-सांगलीच्या गावांत दोन हारांवर गांधी लग्नं लागली. ती लग्नं लोकांनी लावली होती. इथे लावणारं खुद्द शासन आहे.

आता सर्वांत जास्त गोंधळ कुठे होतो ते. विवाहाच्या नावाने सरकारी खिडक्या दोन आहेत आणि लोक हमखास चुकीच्या खिडकीवर उभे राहतात. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत जी नोंदणी होते ती महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखालची. तिथे आधीच लागलेल्या लग्नाची फक्त नोंद होते. ‘नमुना ड’ भरायचा, तीन साक्षीदार न्यायचे आणि ज्याने लग्न लावलं त्या पुरोहिताचं किंवा काजीचं नाव, पत्ता, सही आणायची. लग्नापासून ९० दिवसांत गेलात तर काम सरळ होतं. म्हणजे पंचायतीच्या दाखल्यासाठीही धर्माच्या माणसाची सही लागतेच. धार्मिक विधी झालेलाच नसेल तर ही खिडकी तुमच्या कामाची नाही.

‘विधी केला नाही, पण दाखला काढलाय’ हा प्रकार तर सरळ धोक्याचा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं की हिंदू विवाह कायद्याखाली सप्तपदीसारखा योग्य तो विधी झालाच नसेल, तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने लग्न होत नाही. व्हिसासाठी घाईत दाखला काढून ‘खरं लग्न’ पुढच्या मे महिन्यात ठेवणाऱ्यांनी हे नीट वाचावं. मधल्या काळात काही बिनसलं तर हातात दाखला असतो, लग्न नसतं. विशेष विवाह कायद्याखाली हा घोळ होत नाही, कारण तिथे अधिकाऱ्यासमोरचा प्रसंग हेच लग्न.

‘एका दिवसात कोर्ट मॅरेज’ अशा पाट्यांबद्दलही सांगायला हवं. विशेष विवाह एका दिवसात होऊ शकत नाही आणि तो कोर्टात लागत नाही. त्या पाटीमागे बहुतेक वेळा दोनपैकी एक माल मिळतो. पहिला म्हणजे स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर केलेलं ‘आम्ही लग्न केलं’ असं प्रतिज्ञापत्र, ज्याने कोणाचंही लग्न लागत नाही. दुसरा म्हणजे एखाद्या हॉलमध्ये उरकलेला वैदिक विधी आणि त्यावर काढलेला दाखला. दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर दुसरा चालू शकतो. जोडीदार मुस्लिम किंवा ख्रिस्ती असेल तर हिंदू विवाह कायदा लागूच होत नाही, आणि मग तिथले लोक धर्मांतराचा कागद पुढे सरकवतात. विशेष विवाह कायदा ज्यासाठी केला तेच अशा ठिकाणी उलटं होतं.

आता प्रत्यक्ष काम. दोघांपैकी निदान एकाचं जिल्ह्यात सलग ३० दिवस वास्तव्य हवं, नोटिशीच्या तारखेच्या लगेच आधीचे. आधार साताऱ्याचं असेल तर प्रश्न मिटला. आधार दुसऱ्या जिल्ह्याचं आणि राहणं कराडला भाड्याने, असं असेल तर नोंदणी केलेला भाडेकरार जवळ ठेवा. वय मुलाचं २१, मुलीचं १८ पूर्ण. नोटिशीची माहिती नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आधी भरता येते. विवाह अधिकाऱ्याचं काम नेमक्या कोणत्या क्रमांकाच्या सह दुय्यम निबंधकांकडे आहे ते फोन करून विचारा आणि मगच पाटण, म्हसवड किंवा फलटणहून एसटी धरा. शुल्क किरकोळ आहे. पावतीशिवाय देऊ नका.

वयाच्या पुराव्याला बहुतेक लोक शाळा सोडल्याचा दाखला देतात. गंमत म्हणजे धर्म, जात, पोटजात सगळं त्यावरच छापलेलं. जन्माचा दाखला किंवा पासपोर्ट असेल तर तो द्या. मूळ उद्देश वयाचा आहे आणि तो त्यानेही भागतो. घटस्फोटित असाल तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते. झेरॉक्स चालत नाही. निकालानंतर अपिलाची मुदत संपलेली हवी. ती ९० दिवसांची आहे, आणि घाई करणाऱ्यांची नोटीस इथेच अडकते. विधवा-विधुरांनी आधीच्या जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला न्यावा. नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि दाखल्यावर दुसरं असेल तर ते आधीच जुळवून घ्या. टेबलासमोर गेल्यावर त्यावर वाद घालून काही मिळत नाही.

पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांनी एक गोष्ट अगदी नोटीस भरण्याआधी तपासावी: नातं. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे आणि हिंदू विवाह कायदा ती रूढी म्हणून चालवून घेतो. विशेष विवाह कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मात्र मामाची मुलगी, आत्याची मुलगी, मावशीची मुलगी, काकाची मुलगी या सगळ्या निषिद्ध नात्यांत आहेत. रूढीचा अपवाद इथेही आहे, पण राज्य शासनाने राजपत्रात अधिसूचना काढून मान्य केलेली रूढीच त्यात धरतात. ‘आमच्यात चालतं’ एवढं पुरत नाही. आते-मामे भावंडांनी या कायद्याच्या वाटेला जाऊच नये. असं लग्न लागलं तरी ते रद्दबातल ठरतं.

दुसरा खड्डा वयाचा. आधी घरी विधीने लग्न झालं आणि आता ते विशेष विवाह कायद्याखाली आणायचं असेल तर कलम १५ ची वाट आहे. तिच्यासाठी नोंदणीच्या वेळी दोघांचंही वय २१ पूर्ण हवं. मुलगी १९ वर्षांची असेल तर ती कलम ५ खाली नोटीस देऊन नवं लग्न करू शकते, पण झालेलं लग्न कलम १५ खाली नोंदवू शकत नाही. या वाटेवरही ३० दिवसांची जाहीर नोटीस आहेच. लग्न आधीच झालंय, आता कसली नोटीस, असं विचारून उपयोग नाही.

आणि आता तो फळा. नोटीस दिली की अधिकारी ती विवाह नोटीस पुस्तकात नोंदवतो आणि तिची प्रत कार्यालयात दर्शनी जागी लावतो. हे पुस्तक कोणीही, कसलंही शुल्क न देता, वाजवी वेळी येऊन पाहू शकतो. तुमचं नाव, वय, व्यवसाय आणि पत्ता महिनाभर भिंतीवर. जमिनीच्या कामाला आलेला चुलता, भाऊबंद, गावचा एखादा हौशी कार्यकर्ता, सगळे त्याच दारातून जातात. भटजीसमोर लग्न करणाऱ्याला कोणतंही सरकार महिनाभर भिंतीवर लावत नाही. धर्माबाहेर लग्न करणाऱ्याला मात्र लावतं. या सेवेतला सर्वांत मोठा दोष आमच्या मते हाच, आणि तो कोणा कारकुनाचा नाही, कायद्याचा आहे.

‘पुण्यात केलं की गावाला कळत नाही’ हाही समज फार पसरलेला आहे. कळू शकतं. नोटिशीत कायमचा पत्ता लिहावा लागतो आणि तो दुसऱ्या जिल्ह्याचा असेल तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही भिंतीवर लागते. पाटणचा मुलगा हिंजवडीत राहून पुण्यात नोटीस देईल, तरी साताऱ्यात ती लागणार. नोटीस आईवडिलांच्या घरी पाठवणं किंवा ग्रामपंचायतीत लावणं मात्र कायद्यात कुठेच नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये घरी नोटीस पाठवण्याचा प्रकार बेकायदा ठरवला होता. कोणी तसं करत असेल तर कलम ५ आणि ६ दाखवून लेखी हरकत घ्या.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये असं म्हटलं की नोटीस जाहीर करायची की नाही हे जोडप्याच्या इच्छेवर असावं. निकाल स्वागतार्ह, पण तो दाखवून इथली नोटीस टळत नाही. अधिकाऱ्याच्या मागे लागण्यातही अर्थ नाही. नोटीस न लावता किंवा ३० दिवसांच्या आत जाणूनबुजून लग्न लावलं तर कलम ४६ खाली त्याला एक वर्षापर्यंत साधी कैद होऊ शकते. ‘साहेबांना सांगून मागची तारीख टाकून घेऊ’ असं म्हणणारा एजंट भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा, कारण तोच कागद पुढे तुमच्या लग्नावर शंका घ्यायला कारण होतो.

तारखांचं गणित बारकाईने करा, कारण इथे दोन घड्याळं वेगवेगळ्या दिवशी सुरू होतात. हरकतीचे ३० दिवस नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात. लग्नाची मुदत मात्र तीन महिन्यांची, आणि ती नोटीस दिल्यापासून. समजा ५ जूनला नोटीस दिली आणि भिंतीवर ७ जूनला लागली. हरकतीची मुदत ७ जुलैला संपेल, लग्न ८ जुलैपासून लावता येईल आणि शेवटची तारीख ५ सप्टेंबर. त्यापुढे गेलात तर नोटीस मेली, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून नोटीस दिल्यावर ‘लावली का’ हे त्याच आठवड्यात विचारा आणि हॉल, सुट्ट्या, परगावचे साक्षीदार यांच्या तारखा त्यानंतरच ठरवा. सुट्टीचे दिवसही धरून चाला. दिवाळीच्या आठवड्यात मुदत संपत असेल तर शेवटच्या दिवसाच्या भरवशावर राहू नका.

हरकत आली तर घाबरायचं कारण नाही, पण ती हलक्यातही घेऊ नका. हरकत फक्त कलम ४ च्या अटींवर घेता येते: आधीचा जोडीदार हयात असणं, संमती देण्याची मानसिक क्षमता नसणं, वय कमी असणं, निषिद्ध नातं असणं. धर्म वेगळा, जात वेगळी, आईवडील नाराज, मुलगी फूस लावून नेली, यांपैकी काहीही हरकत ठरत नाही. अधिकाऱ्याने हरकत पुस्तकात नोंदवून, हरकतदाराला वाचून दाखवून, त्याची सही घ्यायची आणि ३० दिवसांत निर्णय द्यायचा. हरकत मान्य झाली तर जोडप्याला ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. खोडसाळ हरकतीसाठी हरकतदाराला खर्च लावता येतो, कमाल एक हजार रुपये. १९५४ मध्ये ही रक्कम मोठी होती. आज तेवढ्यात वरातीचा बँडही दारात येत नाही, त्यामुळे या तरतुदीची भीती कोणालाच वाटत नाही.

घरून धोका असेल तर नोटीस देण्याआधी जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे दोघांच्या सहीचा अर्ज द्या, पोच घ्या. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याची व्यवस्था करायला सांगितलं आहे. अर्जात त्या निकालाचा उल्लेख करा. नोटीस भिंतीवर लागल्यावर अर्ज लिहायला बसू नका. आणि हेही ठाऊक असू द्या की डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेणारी समन्वय समिती नेमली होती. सुरुवातीला तीत आंतरजातीय विवाहही होते, टीका झाल्यावर ते दोन-तीन दिवसांत वगळले, आंतरधर्मीय तसेच ठेवले. एका खात्याच्या नोटिशीत धर्माचा रकाना नाही आणि दुसरं खातं त्याच लग्नांचा धर्मावरून मागोवा घ्यायला निघालं. शासन धर्मापासून किती लांब आहे ते अशा ठिकाणी दिसतं.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात, ओळखपत्रासह. दोन आले आणि तिसरा आनेवाडीच्या टोलवर अडकला तर काम थांबतं, म्हणून चौथा जवळ ठेवा. आधी प्रतिज्ञापनावर दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या, मग कॅमेऱ्यासमोर फोटो आणि अंगठे. यानंतरचा भाग गर्दीच्या दिवशी घाईत उरकला जातो, आणि नेमका तोच महत्त्वाचा. अधिकारी आणि साक्षीदारांच्या समोर दोघांनी एकमेकांना म्हणायचं: ‘मी अमुक, तुला तमुक हिला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो’, आणि तिने तसंच. भाषा दोघांना कळणारी कोणतीही. कलम १२ प्रमाणे हे उच्चारल्याशिवाय लग्न पूर्ण आणि बंधनकारक होत नाही. ‘सह्या झाल्या, निघा’ असं कोणी म्हणालं तर थांबा आणि मोठ्याने म्हणा.

बाकी पद्धत तुमच्या मर्जीची. कायदा कोणतीही पद्धत चालवून घेतो. हार घाला, सत्यशोधक मंगलाष्टकं म्हणा, संविधानाची उद्देशिका वाचा. अंतरपाट धरायलाही कायद्याची ना नाही, कार्यालयातली जागा पुरली तर. जादा शुल्क भरून आणि अटी मान्य असल्यास अधिकारी वाजवी अंतरावरच्या हॉलवर येऊनही लग्न लावू शकतो. सज्जनगडच्या पायथ्याला या, असं म्हणायचं असेल तर ते आधी लेखी विचारा.

आता वारसा, ज्याबद्दल टेबलावर कोणी चकार शब्द काढत नाही. हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन अविभक्त कुटुंबातली व्यक्ती या कायद्याखाली लग्न करते तेव्हा कलम १९ प्रमाणे ती त्या कुटुंबातून विभक्त झाली असं धरतात. हिस्सा बुडत नाही, पण सामाईक सातबारा असलेल्या घरात हे माहीत असणं गरजेचं आहे. कलम २१ प्रमाणे अशा दांपत्याचा वारसा भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ ने ठरतो. त्या कायद्यात मृत्युपत्र नसेल तर नवऱ्यामागे बायकोला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश मिळतो. मुलं असतील तर आईला काही नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात मात्र आई पहिल्या वर्गाची वारस असते. मग १९७६ मध्ये कलम २१-अ आलं: दोघंही हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांपैकी असतील तर १९ आणि २१ लागू नाहीत, त्यांना हिंदू उत्तराधिकार कायदाच. म्हणजे मराठा मुलगा आणि बौद्ध मुलगी यांचा वारसा एका नियमाने, मराठा मुलगा आणि मुस्लिम मुलगी यांचा दुसऱ्या नियमाने, दोघांच्या हातात दाखला एकाच पुस्तकातला. आंतरधर्मीय जोडप्यांनी म्हणून लग्नाच्याच वर्षी मृत्युपत्र करून नोंदवावं, आणि आईवडिलांची सोय करायची असेल तर त्यात लिहावी.

सरकारी प्रोत्साहनाचंही तसंच. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागामार्फत आंतरजातीय विवाहाला ५०,००० रुपये मिळतात. एक जोडीदार अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातला आणि दुसरा सवर्ण हिंदू, लिंगायत, जैन किंवा शीख असा तो हिशेब. दुसरा जोडीदार मुस्लिम किंवा ख्रिस्ती असेल तर फाईल पुढे सरकत नाही. अर्जाला विवाहाचा दाखला, जातीचे दाखले, दोन प्रतिष्ठित व्यक्तींची शिफारसपत्रं आणि संयुक्त बँक खात्याचा तपशील लागतो. विवाहाच्या दाखल्याच्या प्रमाणित प्रती पहिल्याच फेरीत तीन-चार मागून घ्या: एक पासपोर्टला, एक बँकेला, एक या फाईलला, एक घरात. नंतर प्रत मागायची तर दाखला पुस्तकातला अनुक्रमांक लागतो, तो वहीत लिहून ठेवा.